कोसा, कावये अन् माहं ध्यान

साऱ्या झाडीपट्टीत माह्याइतका नजरेचा पक्का मानूस तुमाले शोधूनही सापडनार नाई. मागच्या हप्त्यात मी आपल्याच घरापुढून सरळ निघून गेलो, शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसलो अन् त्याच्या सुनेले म्हटलं, "चहा मांड व." तिनं मांडला बी. बिचारीले वाटलं, बुड्याचं काही काम असन. अर्धा कप पेलो तवा ध्यानात आलं का ह्या घरात भिंतीवर आपल्या बाचा फोटो काऊन नाई. आता घरकुलं सारी एका साच्याची, एका रंगाची, म्हनून असं झालं असं मी घरी सांगतलं. बायको म्हनली, "कुत्रं तं बराबर घरी येते. त्याले रंग बी दिसत नाई."

शाळेचं म्हनान तं मी दोन दिवस गेलो होतो. तिसऱ्या दिवशी मास्तरनं इचारलं, "फळ्यावर काय लिवलं आहे?" मी म्हटलं, "फळ्याच्या मागं पाल आहे गुरुजी, तिच्या तोंडात माशी आहे." खरंच होती. मास्तरनं पाल पाह्यली, मंग माह्याकडे पाह्यलं, अन् माहं शिक्षण तिथीच संपलं. म्हनून आता मी बोलतो अन् नात मोबाइलमध्ये उतरवून घेते. ती म्हनते आबा हळू बोल. मी म्हनतो, बोलन्यात हळू असतो तं तुह्या आजीनं लग्न केलं नसतं.

आमी ढिवर. वैनगंगेचं पानी अन् पान्यातली मासोई, हे आमचं पयलं काम. पन पावसायात नदी गढूळ होऊन फुगली का मासोईचे जायं सुकत टाकून आमच्यातली अर्धी घरं जंगलात जात, कोश्यासाठी. कोसा म्हंजे रेशीम. ऐनाच्या झाडावर हिरवे किडे सोडायचे, ते पाला खाऊन खाऊन बोटाएवढे होतात, अन् मंग आपल्याभोवती धाग्याचं घर बांधून आत बसतात. त्या घराले कोसा म्हंतात. ऐकायले सोपं वाटते. किड्यानं खायाचं अन् मानसानं पाह्यत बसायचं. पन त्या किड्याले जन्मल्यापासून कोनी ना कोनी खायाले बसलं असते. कावया, सरडा, मुंगी, खार, गांधीलमाशी. म्हनून झाडाखाली झोपडी टाकून महिना-दीड महिना राखन करा लागे.

त्या दिवसायत नियम बी भल्ले कडक. केस कापायचे नाई, अंगाले तेल लावायचं नाई, कढईत काही तयायचं नाई, अन् मासोईचं तं नाव बी काढायचं नाई. किड्याले वास खपत नाई म्हनत. ढिवराच्या पोट्ट्याले मासोई बंद म्हंजे काय ते तुमाले नाई समजनार. माय सकारी पेज करे, दुपारी भात अन् लाखोरीची डाय, कधी वास्त्याची भाजी, म्हंजे बांबूचे कोवये कोंब, मिठाच्या पान्यात शिजवलेले. फोडनी नाई. झोपडीत धुराचा वास, ओल्या गवताचा वास, माह्या केसायचा वास. अन् झोपडीच्या खालच्या अंगाले नाला, अन् नाल्यात मासोया. त्याईले बी माहीत होते आमचे नियम. बिनधास्त उड्या मारत.

माहं ध्यान तिथी. झोपीत जरी असलो अन् नाल्यात मासोई उडाली तं मी पडल्या पडल्या सांगे, हा मरळ आहे, ही बोटरी आहे. पन डोक्यावर कावया कोकलला तरी मले ऐकू नाई ये. आमची आत्या, बाची मोठी बहीन, नवरा मेल्यावर आमच्याकडेच राहे. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा अन् जिभेवर निखारा. ती म्हने, "ह्या पोट्ट्याच्या कानात गयाचा आकडा अडकला आहे. मासोईशिवाय त्याले काही लागतच नाई."

(आता बी तसंच आहे. मांगं पोराले वाटलं मी बहिरा झालो, म्हनून गाडीवर बसवून चंद्रपूरले डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं कानाले यंत्र लावलं, टुंगटुंग वाजवलं, म्हने कान एकदम बराबर आहेत. बायको बाहेरच्या बाकड्यावर बसली होती, तिथूनच हळूच म्हनली, "झिंगे आनले आहेत." मी आतून म्हटलं, "कितीचे?" डॉक्टरनं फी अर्धीच घेतली.)

त्या वर्सी मले मिशी फुटून राह्यली होती. ती कोनाले दिसत नव्हती, मी बोटानं दाखवा लागे. बानं पयल्यांदा तीस झाडं एकट्या माह्या हवाली केले, नाल्याकडचे. बा म्हनला, "झिबल, हे बियाचे झाडं आहेत." बियाचे म्हंजे काय ते सांगतो. पावसायातलं पयलं पीक इकायचं नसते. त्याचे कोसे ठेवायचे, त्याच्यातून पाखरं निघतात, ते अंडे देतात, अन् त्या अंड्यायवर दिवायीचं मोठं पीक. आमचं बी माह्या आज्यापासून चालत आलं होतं. दर वर्सी हातातून हातात. बा इकत आनलेलं बी घेत नसे, म्हने त्याची जात आपल्याले माहीत नाई. मंग हे तीस झाडं मले काऊन देल्ले? कारन बाच्या मांडीवर गळू झालं होतं, त्याले चढउतार होत नव्हता. दुसरं कोनी नव्हतंच. मी मात्र गावभर सांगतलं का बानं पारख करून देल्ले.

पयल्या आठ दिवसांत माही फजिती अशी का मले किडेच नाई दिसत. हिरव्या पानावर हिरवा किडा. मी मान वर करून, डोये फाडून पाहो, मले नुसता पाला दिसे. माय येता येता, डोक्यावर पान्याची गुंडी घेऊन, न थांबता म्हने, "त्या फांदीवर सतरा आहेत रे." मले वाटे सारे मिळून माही मस्करी करून राह्यले. शेवटी बा लंगडत आला.

"वर कायले पाह्यतं? खाली पाह्य. जेवढी लेंडी, तेवढा किडा."

झाडाखाली मोहरीसारखी बारीक काळी लेंडी पडली होती. बा सकारी उकिडवा बसे, तयहातानं ती सारवल्यासारखी एका जागी करे अन् सांगे, ह्या झाडाचं पोट भरलं आहे, त्या झाडाचं नाई. लेंडीच्या वर सरळ नजर नेली का तिथी किडा. मले एक दिसला. अन् एक दिसला का मंग सारे दिसाले लागले, जसं कोनी पडदा काढला. मी इतका नाचलो का आत्या म्हनली, "किडे मोजते का वरातीत आला आहे?"

राखनीचं सामान माह्याजवय जोरदार होतं. गुलेर, तिच्यातून मारायच्या मातीच्या गोया, एक फुटका डब्बा अन् मधातून चिरलेला बांबू. बांबू आपटला का फाट्‌ करून असा आवाज होये का नाल्यापलीकडचे माकडं बी शिव्या देत. अन् साऱ्याहून मोठं माहं तोंड. सकारपासून संध्याकायपर्यंत हो हो हो हो. कावया दूर आंब्यावर बसला तरी मी त्याच्या आईबापाचा उद्धार करो. कावयायनं माह्या झाडायकडे येनंच सोडून देल्लं. मले वाटलं, झिबल, आपल्यासारखा राखनदार आजपर्यंत झाला नाई.

अन् मंग एका सकारी बा झाडाखाली उकिडवा बसला, त्यानं तयहात फिरवला, अन् उठलाच नाई. तसाच बसून राह्यला. मी जवय गेलो. लेंडी पातल झाली होती. नाल्याजवयच्या सहा-सात झाडाखाली तं नखाएवढी बी नाई.

"झोपला होता," बा म्हनला.

"नाई बा. आईच्यान नाई."

"मंग किडे कुठी गेले? पावने गेले?"

"एक बी कावया येऊ देल्ला नाई मी."

आत्या मांगून आली. "कावया आला असता तं बरं झालं असतं. त्यानं याले उठवला तरी असता."

मी खरंच झोपलो नव्हतो. जन्मात एकदा मी खरं बोलून राह्यलो होतो अन् नेमकं तेव्हाच कोनी मानाले तयार नाई. बा लंगडत लंगडत झाडायमधून हिंडला. त्याले चेपलेलं गवत सापडलं. "हे पाह्य, इथी आडवा होये." ती माही बसायची जागा होती. त्याले माह्या पटक्याची उशी सापडली. ती उशी नव्हती, पटकाच होता, पन मी बी जरा गोल करूनच ठेवला होता. बानं त्या दिवशी तीस झाडं फिरून पाह्यले अन् त्याले एकच गोष्ट दिसली, माही झोप. बा किड्यायत जन्म काढलेला मानूस. आज मी त्याच्याहून बुडा झालो तवा मले समजते का त्या दिवशी तो किडे पाह्यतच नव्हता, तो मले पाह्यत होता.

जेवताना बा म्हनला, "परवापर्यंत थांबतो. लेंडी अशीच कमी झाली तं बी गेलं. बी गेलं तं दिवायीचं पीक गेलं. मंग ह्या झाडायले हात जोडू, अन् बल्लारपूरले झिबलच्या मामाकडे जाऊ. तिथी गाडीवर बांबू चढवायचं काम भेटते. सारेच जाऊ."

मायचा हात डायीत थांबला. आत्यानं खर्रा थुकला. आत्या चुप बसली म्हंजे गोष्ट खरी असे.

मामाकडे मी एकदा गेलो होतो. तिथी कारखान्याचा भोंगा वाजला का साऱ्या गावाच्या सायकली एकदम निघत, अन् मामाच्या खोलीत खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसे. नाला नाई. मासोई बाजारातून आना लागे! मले त्याच्याहून जास्त भेव वाटलं ते बाचं. तो ऐनाच्या झाडायची भाषा बोलनारा मानूस, तो बांबूच्या ओझ्याखाली काय बोलनार?

म्हनून दुसऱ्या दिवशी मी जे करता येत होतं तेच केलं, पन दुप्पट. डब्बा वाजवला, बांबू आपटला, ओरडून ओरडून दुपारपर्यंत माहा गया बसला. घशातून नुसती हवा निघे. अन् संध्याकायी लेंडी अजून कमी. बानं पाह्यलं अन् पाठ फिरवली. ते पाठ फिरवनं मले बांबूपेक्षा जोरात लागलं.

आता माह्या पापाची गोष्ट सांगतो. नात म्हनते आबा हे नोको सांगू. पन ह्याच्याबिगर पुढची गोष्ट होत नाई.

तिसऱ्या दिवशी, म्हंजे बानं देल्लेल्या शेवटच्या दिवशी, दुपारची टाईम. पाऊस थांबून उघाड पडली होती. माह्याजवय एक पुडी होती, पयसाच्या पानात बांधलेली, वायलेल्या झिंग्याची. गावातून येतानाच मी ती झोपडीच्या कुडात खोचली होती, म्हटलं वासच घेऊ, खायाचं नाई. वीस दिवस वासच घेतला. त्या दिवशी माहा धीर सुटला. मनात म्हटलं, उद्या बल्लारपूरले जायचंच आहे, मंग काय राह्यलं आता. मी पुडी घेतली, सगयात शेवटच्या झाडाखाली, नाल्याच्या काठाले, झोपडीकडे पाठ करून बसलो अन् तोंडात चार झिंगे टाकले.

आता इचार करा. झिंगे वायलेले, कडक. चावले का कुरकुर वाजतात. आत्याचे कान असे का तिले शेजारच्या गावातलं भांडन ऐकू ये. म्हनून मी चावतच नव्हतो. तोंडात धरून भिजवत होतो. ओरडता येत नाई, हालता येत नाई, मान वर करता येत नाई, श्वास बी नाकातूनच. वीस दिवसात पयल्यांदा झिबल चुप बसला होता.

अन् मले ऐकू आलं. टिप. टिप टिप. टिप. मले वाटलं पानावरून थेंब पडून राह्यले. पन माहा हात कोरडा. मांडीवर पाह्यलं तं लेंडी. ती वायल्या पाल्यावर पडत होती. त्याच्या वर, अजून बारीक, करकर करकर, पाला खायाचा आवाज. आधी एका फांदीवर. मंग साऱ्या झाडावर. मंग मांगच्या झाडावर, त्याच्या मांगच्या. हे वीस दिवस चालू होतं बापा! मी त्याच्या मधोमध बसून डब्बा वाजवत होतो.

मले झिंगे गियायची बी आठवन नाई राह्यली. मी ऐकतच राह्यलो. अन् ऐकता ऐकता समजलं का माह्या डाव्या हाताले टिपटिप आहे अन् उजव्या हाताले नाई. एकाच झाडाची उजवी बाजू चुप. पाला तं तिथी बी होता, चांगला हिरवागार. मी हळूच मान वर केली. उजव्या फांदीवर पानंच पानं. कावया नाई, सरडा नाई, काही नाई. मी पाह्यतच राह्यलो. वारा एकदम पडला होता.

अन् वारा नसताना एका पानानं मान फिरवली अन् माह्याकडे पाह्यलं.

त्याले डोये होते. पुढचे दोन पाय असे जोडलेले, जसं निवडनुकीतला उमेदवार दारात येते. अन् त्या जोडलेल्या हातायत आमच्या बियाचा किडा, डोक्याकडून अर्धा खाल्लेला. तो किडा खात होता अन् मले नमस्कार करून राह्यला होता! मले बी एकदम हात जोडावे वाटले.

तो लांब मानेचा हिरवा किडा तुमी पाह्यला असन, इजेच्या दिव्यावर येते कधी कधी. आमाले बी माहीत होता. वावरात एखादा दिसे, पोट्टे त्याले काडीनं डिवचत. पन तो वैरी आहे असं कोनाच्या डोक्यातच नव्हतं, कारन वैरी म्हंजे कावया, वैरी म्हंजे मुंगी. मी त्या एकावर नजर ठेवली, अन् मंग बाजूचं पान पाह्यलं. ते बी पान नव्हतं. त्याच्या वरचं बी. त्या एका झाडावर मले अकरा दिसले. जसे ते किडे दिसाले लागले होते ना पयल्यांदा, तसेच हे. वीस दिवसांपासून माह्या डोयापुढं बसून जेवून राह्यले होते अन् मी कावयाले शिव्या देत होतो.

मी उठलो, अन् फांदी वाकवून पाह्यली. फांदीले पयसाच्या वाकाची, म्हंजे सालीच्या दोरीची, गाठ होती. गाठीत वायलेल्या फेसासारखा सुपारीएवढा भुरा गोया. ती गाठ माही होती.

झालं असं होतं. उन्हायात नाल्याकडचे हे झाडं साफ करायचं काम माह्याकडे होतं. जंगलात मले हे फेसाचे गोये फांद्यायले चिपकलेले दिसले. मले वाटलं, हा बी एक जातीचा कोसाच असन, रानटी, लहान. मी म्हटलं झिबल, तुह्याइतकी नजर कोनाची आहे! अन् मी साऱ्या जंगलातून, एक एक गोया तोडून, टोपलीभर आनले अन् ह्याच तीस झाडायवर नीट वाकानं बांधले. बाले आश्चर्याचा धक्का देऊ म्हनून सांगतलं नाई. ते त्या नमस्कारवाल्याचे अंडे होते. एका गोयातून शंभर तरी निघत असतीन. चोरायले आवतन मीच देल्लं होतं, बसायले पाट बी मीच मांडला होता.

मी पयत झोपडीकडे गेलो. गया बसलेला, तोंडातून शब्द निघत नाई, नुसते हात जोडून दाखवतो. मायले वाटलं पोराले भूत लागलं. बा काठी घेऊन उठला. मी त्याले ओढत झाडाखाली आनलं अन् बोट दाखवलं.

"काय आहे?"

मी बोट दाखवतो.

"पान आहे."

मी काडीनं पानाले डिवचलं. पान चालाले लागलं. बानं काठी टेकली, मान पुढं केली. मंग हळू म्हनला, "अरे बापा. अरे बापा. हे किती आहेत रे?" अन् मंग त्याले बी दिसाले लागले. त्याची नजर एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाये अन् तो बोटावर मोजत जाये. बानं जन्मभर ऐनाची झाडं पाह्यली, पन त्या दिवशी तो असा पाहे जसं मी पयल्या दिवशी पाह्यलं होतं.

आत्या माह्याजवय आली. तिनं माह्या तोंडाजवय नाक आनलं.

"झिंगे," ती म्हनली.

मंग मी सारं सांगतलं. झिंगे बी, फेसाचे गोये बी. आवाज नव्हता म्हनून फुसफुस करून सांगतलं, जसं देवाले सांगतात. मले वाटलं काठी आता बसनार. बानं काठी जमिनीत रोवली, अन् त्याचे खांदे हालाले लागले. मले वाटलं रडून राह्यला. तो हासत होता. हासता हासता त्याचं गळू दुखे अन् तो आई गं म्हने, अन् पुन्हा हासे. मंग त्यानं मले नाल्यात डुबकी मारून यायले सांगतलं, झाडाखाली नारय फोडला, ऐनाले म्हनला, "पोट्ट्याची चूक आहे बापा, पोटात घाल." अन् मंग आमी चौघं कामाले लागलो.

तीन दिवस. फांदी न फांदी. एक एक नमस्कारवाला उचलून मडक्यात टाकायचा, मडक्याले फडकं बांधायचं, अन् नाल्यापलीकडे दूर सोडून यायचं. गोये सारे मी माह्या हातानं सोडले, एक एक गाठ. अन् खरं सांगतो, त्या तीन दिवसात माह्यासारखी नजर कोनाचीच नव्हती. मायले एक दिसे तवा मले चार दिसत. बा म्हने, "झिबल, ह्या झाडावर संपले का पाह्य." मी डोये बंद करून आधी ऐको. टिपटिप साऱ्या बाजूनं आहे का? एखादी बाजू चुप असली का तिकडे जाओ. अन् तिथी एक तरी भेटेच. चौथ्या सकारी बा झाडाखाली उकिडवा बसला, तयहात फिरवला, अन् ओंजय भरून लेंडी वर उचलली, जसं कोनी धान उचलते. मायनं ते पाह्यलं अन् ती झोपडीमांगं गेली. येताना तिचे डोये लाल होते, म्हने धूर गेला.

बी वाचलं. सारंच नाई, पन तीनातले दोन वाटे वाचलं. किडे जाड झाले, पिवयट झाले, पानं ओढून घेऊन आत बसले, अन् पंधरा दिवसानं माह्या तीस झाडायवर कोसे लटकले होते, टणक, बोटानं वाजवले का टक् टक्. बा प्रत्येक झाडाखाली मले घेऊन गेला अन् म्हनला, "तोड. तुहे आहेत." बल्लारपूरचं नाव पुन्हा निघालं नाई. त्या बियाची जात आज बी माह्या पोराच्या झाडायवर आहे, अन् ह्या गोष्टीवर मी मेल्यावर बी मिशीले पीळ देईन. आता ती दिसते.

कोसे घरी आनल्यावर अंगनात चटई टाकून बा बियाचे कोसे निवडत बसला होता. त्याच दिवशी कोश्याच्या केंद्रातले साहेब फटफटीवर आले. त्याईले कोनीतरी सांगतलं होतं. आजूबाजूचे कोसेवाले बी जमले, कारन त्याईच्या झाडायवर बी लेंडी पातल होती अन् त्याईले बी कावयाचाच राग होता. साहेब म्हनले, "कोणी पाहिलं आधी?" बानं माह्याकडे हात केला. त्याचा हात तेव्हा जितका सरळ होता तितका मी पुन्हा कधी पाह्यला नाई.

"कसं दिसलं रे तुला? आमच्या कागदात या किड्याचं नाव आहे, पण झाडावर आमच्या माणसांना सापडत नाही."

अन् मंग मी सुरू झालो. माहा गया आता मोकया झाला होता. मी त्याईले सांगतलं का साहेब, मानसाले तेच दिसते ज्याच्यामांगं तो लागला आहे. तुमी कावया कावया केलं तं कावयाच दिसनार. आधी तोंड बंद करा, मंग कान उघडतात, कान उघडले का डोये आपोआप जातात. झिंग्याची गोष्ट मी सोडून देल्ली, इतकी अक्कल मले होती. तो कसा बसते, कसे हात जोडते, कशी मान फिरवते, ते मी करून दाखवलं. एक पाऊल पुढं, दोन पावलं मांगं. कोसेवाले माना हालवून राह्यले. एक बुडा म्हनला, "बराबर आहे, बराबर आहे." साहेबानं खिशातून वही काढली अन् माहं बोलनं लिवाले लागले, शाळेत दोन दिवस गेलेल्या पोट्ट्याचं! माय दारात उभी राहून पाह्यत होती. मले वाटलं आपन आता थोडे उंच झालो. मी अजून एक पाऊल मांगं सरकलो, हात जोडले, मान फिरवली अन् म्हटलं, "साहेब, ध्यान पाहिजे, ध्यान! आपल्याभोवती काय चालू आहे त्याच्यावर ज्याचं ध्यान आहे—"

आत्यानं खर्रा गालाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूले केला.

"ते सारं बराबर आहे झिबल्या. पाय उचल. बियाच्या कोश्यायवर उभा आहेस."